तीन मिलिलिटरची बाटली: गिधाडं कशाने मेली आणि बंदी कुठे अडली

१९८०च्या दशकात उत्तर भारतातल्या शहरांबाहेर, जिथे मेलेली जनावरं टाकत, तिथे गिधाडं शेकड्यांनी बसलेली असत. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत जास्त संख्येचं होतं. भारतात गिधाडं काही कोटींच्या घरात असावीत, असा अंदाज आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची ९९.९ टक्के गेली, म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडं दोन्ही मिळून जवळपास ९७ टक्क्यांनी घटली.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९९१ ते १९९३ मध्ये शिकारी पक्ष्यांची मोजणी केली होती. ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जायचं आणि दोन्ही बाजूंना दिसतील तेवढे पक्षी टिपायचे, अशी ती साधी पद्धत. तेच रस्ते २०००, २००२, २००३ आणि २००७ मध्ये पुन्हा मोजले गेले. जुनी मोजणी वहीत नीट लिहून ठेवलेली होती, म्हणून घट किती ते छातीठोकपणे सांगता आलं. गिधाड तेव्हा इतकं सर्रास दिसे की ते मोजावं असं फारसं कुणाला वाटलंही नसतं.

भरपूर आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, हा समज याआधीही महागात पडला आहे. उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर कबूतर अब्जावधींनी होतं. त्यातली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. त्या दोन्ही प्रकरणांत बंदूक होती, जाळी होती, तोडलेलं रान होतं. गिधाडांवर मात्र कुणी नेम धरला नाही. आजारी गाईला बरं वाटावं म्हणून दिलेल्या इंजेक्शनने ती मेली. म्हणूनच कारण सापडायला उशीर झाला, आणि सापडल्यावरही ते थांबवणं अवघड गेलं.

मान टाकलेले पक्षी

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची ३५३ घरटी होती. १९९६-९७ मध्ये १५० उरली आणि पुढच्या काही वर्षांत एकही राहिलं नाही. झाडावर बसलेले पक्षी मान खाली टाकून तासन् तास तसेच असत, आणि मग फांदीवरून खाली पडलेले सापडत.

पहिला संशय संसर्गावर गेला, आणि तो अगदी रास्त होता. एकाच कुळातल्या तीन जाती एकाच वेळी, इतक्या मोठ्या प्रदेशात, इतक्या वेगाने मरतात म्हटल्यावर विषाणूच डोळ्यांपुढे येतो. कीटकनाशकांचाही विचार झाला. अन्नाची कमतरता मात्र लगेच बाद झाली, कारण मेलेली जनावरं उघड्यावर पडूनच होती आणि खायला पक्षी नव्हते.

खरी अडचण नमुन्यांची होती. भारतातल्या उन्हाळ्यात मेलेलं गिधाड दिवसभरात इतकं सडतं की मूत्रपिंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत. शवविच्छेदनाला पक्षी ताजा लागतो, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे काही फॉर्मॅलिनमध्ये आणि काही गोठवून ठेवावे लागतात, आणि ते त्याच अवस्थेत प्रयोगशाळेत पोचावे लागतात. यातली एक कडी तुटली तरी निष्कर्ष हाती लागत नाही. मान टाकण्याच्या लक्षणाने तर बरीच दिशाभूल केली. उन्हाने आणि तहानेने बेजार झालेलं निरोगी गिधाडही मान टाकून बसतं, हे नंतर लक्षात आलं.

कोडं सुटलं ते पाकिस्तानातल्या पंजाबात. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वसाहती सातत्याने नजरेखाली ठेवल्या आणि पक्षी ताजे असतानाच उचलले. तपासलेल्या २५९ प्रौढ आणि वाढत्या वयाच्या गिधाडांपैकी २१९ पक्ष्यांत एकच चित्र होतं. पोट उघडलं की हृदय, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांच्यावर खडूची ओली भुकटी फासल्यासारखा पांढरा थर. बोटाने घासला तर चुरचुरतो. हे युरिक आम्लाचे स्फटिक. सस्तन प्राणी शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीतून टाकतात, तर पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. त्यांची मूत्रपिंडं बंद पडली की ते आम्ल रक्तात साठतं आणि आतल्या अवयवांवर बसतं. वैद्यकीय भाषेत याला व्हिसरल गाऊट म्हणतात.

विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं, सगळं तपासून झालं आणि काही मिळालं नाही. मग प्रश्न उलटा विचारला गेला: गिधाडाचं अन्न म्हणजे पाळीव जनावर, तर त्या जनावराच्या अंगात मूत्रपिंडाला बाधणारं असं काय नव्याने येतंय? जनावरांच्या औषधांची दुकानं धुंडाळल्यावर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक पुढे आलं. गाऊटने मेलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५च्या मूत्रपिंडांत ते सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही नव्हतं. डायक्लोफिनॅक टोचलेल्या म्हशी-बकऱ्यांचं मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर तीही तशीच मेली, आणि पोटात तोच पांढरा थर. हा शोध २००४च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. भारतात आणि नेपाळात जपून ठेवलेल्या नमुन्यांतही पुढे हेच निघालं.

दोनशेत एक जनावर पुरलं

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं गणित इथे आहे.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं वजन साधारण पाच किलो. निम्मे पक्षी मरावेत एवढी डायक्लोफिनॅकची मात्रा दर किलो वजनाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे एका पक्ष्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम. गाईला ते दर किलोला एक मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देत. ३०० किलोच्या गाईच्या अंगात एका वेळी ३०० मिलिग्रॅम जाई. त्यातलं बरंचसं दोन-तीन दिवसांत शरीराबाहेर पडतं. गाईच्या यकृतात आणि मूत्रपिंडात ते टोचल्यानंतर सुमारे ७१ तासांपर्यंत सापडलं आहे. बकरीत त्याहून बरंच लवकर निघून जातं. म्हणजे घातक खिडकी जेमतेम तीन दिवसांची.

पण वेदनाशामक धडधाकट जनावराला कुणी देत नाही. ते कासदाह झालेल्या, वार अडकलेल्या, तापाने फणफणलेल्या, बसलेल्या आणि उठेनाशा झालेल्या जनावराला देतात. जे जनावर दोन दिवसांत मरण्याची शक्यता सर्वाधिक, त्यालाच सुई. मे २००४ ते जुलै २००५ या काळात १२ राज्यांतून मेलेल्या जनावरांच्या यकृताचे १,८४८ नमुने तपासले, तेव्हा त्यातल्या १० टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक होतं.

संख्येची अशी घसरण व्हायला किती टक्के जनावरं घातक असावी लागतात, याचा हिशोब ब्रिटिश पक्षिसंशोधक ऱ्हिस ग्रीन यांनी मांडला आहे. १३० ते ७६० जनावरांमागे एक. म्हणजे एक टक्काही नाही.

हे पटत नसेल तर स्वतः करून बघा. गिधाड दोन-तीन दिवसांनी एकदा पोटभर खातं, वर्षाला सुमारे १५० जेवणं धरा. प्रत्येक २०० जनावरांत एक विषारी असेल तर प्रत्येक जेवणातून वाचण्याची शक्यता ०.९९५. ती १५० वेळा गुणली की वर्ष पार करण्याची शक्यता ०.४७ उरते. निम्म्याहून जास्त पक्षी वर्षभरात खलास. दुसऱ्या बाजूला आवक किती? गिधाड पाचव्या वर्षाच्या आसपास वयात येतं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबवायला जवळपास दोन महिने लागतात आणि पुढे तीन-चार महिने पिल्लू घरट्यात असतं. त्यातलीही सगळी जगत नाहीत. हा पक्षी पिढ्यान् पिढ्या टिकला तो पिल्लांच्या संख्येवर नाही, प्रौढ पक्षी दीर्घायुषी असण्यावर. ज्या जातीचा सगळा भरवसा प्रौढांच्या आयुष्यावर, तिथे प्रौढांचं मरण थोडं वाढलं तरी गणित कोसळतं. गेंडा, हत्ती, देवमासा, शार्क, माळढोक यांचंही असंच आहे. एखादी जात धोक्यात आहे का हे बघताना ‘किती उरलेत’ याच्या आधी ‘वर्षाला प्रौढ किती मरतात’ हे विचारायला हवं.

शिवाय गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. एक उतरताना दिसलं की दूरदूरची त्याच्या मागे येतात आणि एका गाईवर पन्नास-शंभर जमतात. एक विषारी गाय अख्खी वसाहत रिकामी करू शकते. २०२२ मध्ये आसामात छयगावजवळ कुत्र्यांसाठी विष घातलेल्या मांसाने शंभराच्या आसपास गिधाडं एका झटक्यात मेली. तिथलं विष वेगळं होतं, पण थवा ज्या रीतीने मरतो ती रीत हीच.

गिधाड गेल्यावर

डोंगरात कुठे थोडी गिधाडं आहेत, पिंजऱ्यात थोडी आहेत, म्हणून संकटग्रस्त जातींच्या यादीत ती ‘नामशेष’ नाहीत. पण त्यांचं काम बहुतेक ठिकाणी १९९०च्या दशकाअखेरीसच बंद पडलं. नामशेष होण्याची झळ शेवटचा पक्षी मरण्याच्या फार आधी बसते, आणि या प्रकरणात ती माणसांना बसली.

गिधाडांचा थवा गाय तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. त्यांच्या जठरातलं आम्ल फार तीव्र असतं, त्यात बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत. ती गेल्यावर मांस दिवसेंदिवस पडून राहू लागलं आणि कुत्र्यांचं फावलं. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली, आणि कुत्रा चावून झालेल्या रेबिजचे ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले, असा एक अंदाज २००८ मध्ये मांडला गेला. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने हिशोब केला. पूर्वी गिधाडांना मानवणारे जिल्हे आणि न मानवणारे जिल्हे यांतल्या मृत्युदरांची त्यांनी डायक्लोफिनॅक स्वस्त होण्याआधीच्या आणि नंतरच्या काळासाठी तुलना केली. गिधाडांच्या जिल्ह्यांत सर्व कारणांनी होणारे मृत्यू ४ टक्क्यांहून जास्त वाढलेले दिसले. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसं जादा दगावली. याच जिल्ह्यांत रेबिजच्या लशीची विक्री वाढली आणि पाण्यातले विष्ठाजन्य जंतूही वाढले.

मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडीला पारशी समाजाचे दख्मे, म्हणजे मृतदेह ठेवायचे मनोरे आहेत. मृतदेह पक्ष्यांना अर्पण करण्याची त्यांची रीत शतकानुशतकांची. गिधाडं नाहीशी झाल्यावर मृतदेह उन्हाने सुकवायला तिथे सौर परावर्तक बसवावे लागले. तिथे गिधाडं पुन्हा आणायची म्हटलं तरी तोच पेच पुढे येतो: डायक्लोफिनॅक माणसांनाही देतात, आणि माणसाच्या शरीरातलं ते गिधाडाला तितकंच घातक आहे.

बंदी, आणि बाटलीचं माप

२००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. बांगलादेशाने २०१० मध्ये. कारण कळल्यापासून दोन वर्षांत बंदी, हे कौतुकास्पद आहे. पण २००७ ते २०१० दरम्यान ग्राहक बनून ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांत विचारणा केली गेली, तेव्हा ३६ टक्के दुकानांनी जनावरासाठी डायक्लोफिनॅक काढून दिलं.

याचं कारण दुकानाच्या कपाटात होतं. बंदी जनावरांच्या औषधावर होती, माणसांच्या डायक्लोफिनॅकवर नव्हती, आणि ती असूही शकत नव्हती, कारण माणसांना त्याची गरज आहे. माणसांसाठीचं इंजेक्शन दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम ताकदीचं असतं. एका माणसाची मात्रा ७५ मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलि. तरीही बाजारात ३० मिलिची बाटली विकली जात होती. ३० मिलित ७५० मिलिग्रॅम. एका माणसाला एका वेळी दहा माणसांचा डोस लागत नाही, पण मोठ्या गाईला किंवा म्हशीला तो नेमका पुरतो. बाटलीवर ‘जनावरांसाठी नाही’ असा शिक्का २००८ पासून होता, पण गाय तापलेली आहे आणि रात्रीचे नऊ वाजलेत तेव्हा शिक्का कुणी वाचत नाही.

जुलै २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांच्या डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनला ३ मिलिच्या एकाच मात्रेची मर्यादा घातली. काही कंपन्या न्यायालयात गेल्या, पण मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आदेश कायम ठेवला. आता ३०० किलोच्या गाईला ३०० मिलिग्रॅम द्यायचं तर चार कुप्या फोडाव्या लागतात, मोठ्या मात्रेला दहा. खर्च वाढतो, वेळ जातो, आणि गाईसाठी दहा कुप्या मागणारं गिऱ्हाईक मेडिकलवाल्याच्याही नजरेत भरतं. आमच्या मते या सगळ्या लढाईतला सर्वांत हुशार निर्णय हाच. औषध हाती येण्याची वाटच अडचणीची केली, की प्रत्येक गोठ्यावर पहारा ठेवावा लागत नाही. हा निर्णय २००६ सालीच व्हायला हवा होता. नऊ वर्षं गेली.

दुसरी फट अधिक त्रासदायक निघाली. डायक्लोफिनॅक हटवलं की त्याच्या जागी त्याच वर्गातलं दुसरं वेदनाशामक येतं, आणि ते गिधाडाला चालतं का हे आधी तपासलेलंच नसतं. अॅसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलतं, म्हणजे पाटी बदलली, माल तोच. किटोप्रोफेन आणि निमेसुलाइडही घातक निघाली. भारतात अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी आली जुलै २०२३ मध्ये, निमेसुलाइडवर २०२४च्या डिसेंबरअखेरीस. म्हणजे मूळ बंदीनंतर १७-१८ वर्षांनी. फ्लुनिक्सिन आणि कार्प्रोफेनबद्दलही पुरावे वाईटच आहेत. युरोपातही हीच चूक झाली: स्पेनने २०१३ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली, दक्षिण आशियातला सगळा पुरावा समोर असताना. तिथे काळं गिधाड डायक्लोफिनॅकने मेल्याची नोंद पुढे झालीच.

नव्या वेदनाशामकाला जनावरांसाठी परवाना देण्याआधी ते गिधाडांवर तपासलं पाहिजे, ही मागणी म्हणूनच जुनी आहे आणि आजही तितकीच रास्त आहे. एकेक औषध आधी पक्षी मारणार, मग शोध लागणार, मग बंदी येणार, या क्रमाने चाललो तर पक्षी पुरणार नाहीत.

तपासून सुरक्षित ठरलेली दोनच आहेत. मेलॉक्सिकॅम २००६ पासून, आणि अलीकडे टॉल्फेनॅमिक अॅसिड. मेलॉक्सिकॅमबद्दल गोठ्यावरची तक्रार अशी की त्याचा गुण उशिरा दिसतो आणि ते जास्त टोचावं लागतं. दुसरा भाग खरा आहे. गाईला मात्रा दर किलोला ०.५ मिलिग्रॅम, ३०० किलोला १५० मिलिग्रॅम. पण दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम ताकदीच्या औषधाचे ३० मिलि भरतात, तर डायक्लोफिनॅकचं काम १२ मिलित भागे. जास्त ताकदीचं मेलॉक्सिकॅम सगळीकडे मिळालं की ही तक्रार आपोआप मिटते.

बंदीचा परिणाम झाला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २००८पर्यंत मेलेल्या जनावरांत डायक्लोफिनॅक सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक वेगाने होणारी घसरण थांबली. २०१५च्या सुमारास भारतात ती अंदाजे ६,००० होती, लांब चोचीची १२,०००, बारीक चोचीची जेमतेम १,०००. नेपाळात तर संख्या पुन्हा चढू लागली, कारण तिथे बंदी दुकानापर्यंत पोचली.

पिंजऱ्यातून परत

जंगलातली शेवटची गिधाडं मरतील या भीतीने हरियाणात पिंजोरला २००१ मध्ये गिधाड केंद्र सुरू झालं आणि २००४ पासून तिथे प्रजननाचं काम लागलं. पुढे पश्चिम बंगालात राजाभातखावा, आसामात राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळला केंद्रं उभी राहिली. गिधाड एकट्याने प्रजनन करत नाही, त्याला वसाहत लागते, म्हणून सुमारे १०० फूट लांब, ४० फूट रुंद आणि २० फूट उंच पिंजरे बांधले गेले. खायला बकऱ्या देतात, पण आणलेली बकरी किमान आठवडाभर कोणतंही औषध न देता ठेवूनच. पहिलं अंडं लवकर काढून यंत्रात उबवलं तर जोडी काही आठवड्यांत दुसरं घालू शकते. वर्षाला एकाऐवजी दोन पिल्लं मिळवण्याची हीच एक युक्ती.

२०२० मध्ये पिंजोरहून पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं मोकळी सोडली. जानेवारी २०२४ मध्ये तिथूनच २० गिधाडं महाराष्ट्रात आली. लांब चोचीची पेंचला, पांढऱ्या पाठीची ताडोब्याला. काही महिने तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यांत हवापाण्याला सरावू दिली आणि मग पाठीवर टॅग बांधून सोडली. ताडोब्याहून निघालेलं एक गिधाड राज्यं ओलांडत तामिळनाडूपर्यंत गेलं. घातक वेदनाशामकं वापरायची नाहीत असं १०० किलोमीटर त्रिज्येचं ‘सुरक्षित क्षेत्र’ आखण्याची पद्धत आहे आणि ती उपयोगाचीही आहे, पण महिन्या-दोन महिन्यांत पाच राज्यांचं आकाश मोजणाऱ्या पक्ष्याला ते अपुरं पडतं. तामिळनाडूतल्या गोठ्यातल्या सुईचा संबंध चंद्रपूरच्या गिधाडाशी असतो.

महाराष्ट्रात मूळचीही थोडी टिकून आहेत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पाठीची झाडांवर घरटी करतात, नाशिककडे अंजनेरीसारख्या कड्यांवर लांब चोचीची. फणसाड, नाशिकमधलं खोरीपाडा आणि गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’, म्हणजे मेलेली जनावरं ठेवायच्या राखीव जागा, चालवली आहेत. या जागांचा उपयोग जेवण पुरवण्यापेक्षा जास्त आहे. गावकऱ्याने जनावर दिलं की त्याला कोणतं औषध कधी दिलं होतं ही चौकशी होते, आणि एकदा ती सवय लागली की गावातल्या सगळ्या गोठ्यांपर्यंत विषय पोचतो.

जनावर गेल्यावर

गोठ्यात जनावर मरतं तेव्हा मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: गेल्या आठ दिवसांत कोणती सुई दिली आणि कुणी दिली? नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली शोधा. ती बहुधा गव्हाणीजवळ किंवा उकिरड्यावर सापडतेच. उत्तर मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक अॅसिड असेल, किंवा वेदनाशामक दिलंच नसेल, तर ते जनावर गिधाडांना चालेल. इतर कोणतंही वेदनाशामक असेल, किंवा बाटली सापडतच नसेल, तर चालणार नाही. घातक खिडकी तीन दिवसांची असली तरी आठ दिवस धरावेत, कारण आजारी जनावराचं यकृत औषध सावकाश बाहेर टाकतं आणि शेवटची सुई नक्की कधी दिली हे बहुतेकांना दिवसांच्या फरकाने आठवतं.

नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा (फाशीचा) संशय धरा. अशा जनावराला चीर देऊ नका, कातडं काढू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

उघड्यावर ठेवायचं असेल तर मोकळ्या उंचवट्याची, विजेच्या तारांपासून लांबची जागा निवडा. गिधाडाला उडायला धावपट्टीसारखी मोकळीक लागते, दाट झाडीत ते उतरत नाही. कुत्रे येऊ नयेत म्हणून कुंपण हवं. पोटाकडच्या कातड्याला चीर द्या, कारण गाईचं जाड कातडं गिधाडाच्या चोचीला सहजी फाटत नाही आणि तोवर कुत्री पोचतात.

ठेवता येत नसेल तर पुरा. मोठ्या जनावराला आठ फूट लांब आणि सहा फूट खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर चुना आणि मग माती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचा. जेसीबी मिळत नसेल तर सहा फूट खोदायला चार माणसांचा अख्खा दिवस जातो, म्हणून बरीच जनावरं अखेर गावाबाहेरच्या ओढ्यात टाकली जातात. ग्रामपंचायतीने वर्षाच्या सुरुवातीलाच एक खड्डा खणून ठेवला तर हा प्रसंग येत नाही.